एनिडच्या हातचा मजकूर

आमच्या थॉर्नशॉ गावात कुणी गेलं, की आधी डॉक्टर, मग सुतार आणि मग एनिड ग्रीनवुड, असा क्रम ठरलेला होता. सुतार पेटी करायचा आणि एनिड मजकूर. आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत शिरलं की समोर लाकडी काउंटर, आणि त्याच्या मागे ती, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. मी आत जुळारी होतो, छापायचे खिळे जुळवायचो. मध्ये नुसती फळ्यांची पडदी, त्यामुळे काउंटरवर कोण रडलं, कोण भांडलं, कुणी नाक शिंकरलं, हे सगळं यंत्राच्या खडखडाटातूनही मला ऐकू यायचं. तेव्हा मी सांगतोय ते ऐकीव नाही.

लोक यायचे ते मनातलं बोलायला आलेले असायचे. "असं लिहा, बाबा, तुम्ही गेलात ते आम्हांला काही केल्या पचत नाहीये. कायम आमच्या पाठीशी उभे राहायचात. आईला सांभाळून घेऊ आम्ही, तुम्ही काळजी करू नका." एनिड मान हलवत लिहायची आणि मग कागद फिरवून समोर धरायची. त्यावर असायचं, 'कुटुंबाचा आधारस्तंभ हरपला. त्यांच्या निधनाने निर्माण झालेली पोकळी भरून निघणे अशक्य.' समोरचा माणूस टोपी काढून ते वाचायचा. पुन्हा वाचायचा. मग म्हणायचा, "हां, हेच. असंच काहीसं म्हणायचं होतं मला." धादांत खोटं. त्याला तसलं काही म्हणायचं नव्हतं. पण एनिडच्या हातचा मजकूर म्हणजे गावात प्रतिष्ठेची गोष्ट होती, आणि मेलेल्या बापाला निदान एकदा तरी प्रतिष्ठा मिळावी असं कुणाला वाटणार नाही?

आता आमच्या बोलीचं थोडं सांगतो, कारण सगळं दुखणं तिथंच आहे. आमच्याकडे क्रियापद एकटं घराबाहेर पडत नाही. त्याच्या मागे एक बारका शब्द लागतो, आणि पुष्कळदा त्याच्याही मागे आणखी एक. वर, खाली, कडे, साठी, बरोबर, असले हे चिल्लर शब्द. 'पुट' म्हणजे नुसतं ठेवणं. त्याला 'अप' जोडा, मग 'विथ' जोडा, 'पुट अप विथ' झालं, म्हणजे कुरकूर गिळून खपवून घेणं. नवऱ्याची दारू, गुडघ्यांची ठणक, गळकं छप्पर, आमच्या बायका सगळं पुट अप विथ करत आल्या. 'लुक' म्हणजे बघणं. पण 'लुक अप टू' म्हणजे एखाद्याला मोठं मानणं, 'लुक डाऊन ऑन' म्हणजे कमी लेखणं, आणि 'लुक फॉरवर्ड टू' म्हणजे एखाद्या गोष्टीकडे डोळे लावून बसणं. शेवटचा तुकडा गळला तर माणूस नुसता बघत राहतो, कुणाकडे आणि कशासाठी ते समजत नाही. हे आम्हांला कुणी शिकवलं नाही. आईच्या मागे मागे घरात फिरताना ते तोंडात येऊन बसलं.

या प्रत्येक बोलीतल्या शब्दाचा पुस्तकात एक श्रीमंत चुलतभाऊ असतो. 'पुट अप विथ'चा 'टॉलरेट', 'लुक फॉरवर्ड टू'चा 'अँटिसिपेट'. हे एकएकटे, कडक कॉलर घालून हिंडतात. त्यांना शेपूट नसतं. अर्थ जवळपास तोच, पण नवरा दारू पिऊन आला तर कुठलीही बाई 'टॉलरेट' म्हणत नाही.

एनिड शिष्यवृत्ती मिळवून मोठ्या शाळेत गेली. होल्मच्या गिरणीच्या गल्लीतून त्या शाळेत गेलेली ती पहिली मुलगी. गल्लीनं तिच्या बुटांसाठी वर्गणी काढली होती, असं म्हणतात. तिथं मिस प्रुएट नावाची एक शिक्षिका होती. तिनं एनिडच्या पहिल्याच निबंधात ही सगळी शेपटीवाली क्रियापदं लाल शाईनं खोडली आणि वर्गासमोर म्हणाली, "ग्रीनवुड, हे मोरीतले शब्द आहेत. ते तिथंच ठेवून यायचे." वर्ग हसला. दुसरी एखादी असती तर घरी येऊन मिस प्रुएटची नक्कल करून मोकळी झाली असती. एनिडनं ते मनावर घेतलं. त्या मास्तरणीला मी कधी पाहिलं नाही, पण आजही तिची आठवण आली की माझं टाळकं सणकतं.

कारण मोरीतले शब्द मोरीत ठेवायचे, तर आईचं काय करायचं?

एनिडची आई क्लॅरी, होल्मच्या गिरणीत दुरुस्तीच्या खोलीत होती. मागावरून उतरलेलं कापड तिथं यायचं. बायका ते उतरत्या टेबलावर ओढून बोटांच्या टोकांनी चाचपायच्या, गाठी वर काढायच्या, तुटलेला धागा सुईनं असा भरायच्या की नंतर त्यांनाही जागा सापडू नये. बारा-पंधरा बायका दिवसभर खाली मान घालून काम करायच्या आणि दिवसभर बोलायच्या. तिथं यंत्रांचा आवाज नव्हता, त्यामुळे गिरणीतल्या इतर बायकांसारखं ओठांवरून ओळखायची पाळी यांच्यावर नव्हती. क्लॅरी त्यांतली सगळ्यांत बोलघेवडी. बुटकी, लालबुंद गालांची, आणि हसली की डोळे मिटून जायचे. बापडीला एकच भाषा येत होती आणि ती भाषा मोरीतली ठरली होती.

मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एनिडला काउंटरची मुख्य केलं, तेव्हा तिनं संपादकांना आणि आम्हां दोघातिघांना घरी चहाला बोलावलं. तोवर मायलेकी गिरणीची गल्ली सोडून वर टेकडीवरच्या नव्या बंगलीत राहायला गेल्या होत्या. जागा उत्तम, हवा उत्तम, फक्त खालच्या बायकांना तिथं सहज डोकावणं अवघड. क्लॅरीनं दार उघडलं. हात पुसत म्हणाली, "या, या. जसे आहोत तसे चालवून घ्या बरं का आम्हांला. आमची एनिड सकाळपासून तुमच्याकडे डोळे लावून बसलीय." 'पुट अप विथ' आणि 'लुक फॉरवर्ड टू', दोन्ही एका दमात.

एनिड मागून आली. हसूनच म्हणाली, पण हसू ओठांच्या वर गेलं नाही. "आईला असं म्हणायचं आहे, की काही न्यून राहिल्यास क्षमा असावी."

"हो ना," क्लॅरी म्हणाली. "तेच ते. चालवून घ्या."

"क्षमा असावी, आई."

संपादक छताकडे बघू लागले. मी बुटांकडे. क्लॅरी आधी हसली, तिला ती गंमत वाटली असावी. मग मुलीच्या मानेवर चढलेली लाली तिला दिसली आणि तिचं हसू तोंडातच राहिलं. "मी चहाचं बघते," ती म्हणाली. चहा आला, केक आला, उकडलेलं हॅम आलं, पण क्लॅरी पुन्हा बाहेर आली नाही. जाताना मी निरोप घ्यायला आत डोकावलो, तर ती न्हाणीघराशेजारच्या कोंदट जागेत स्टुलावर बसून एकटीच चहा पीत होती. "वॉल्टर," ती हळूच म्हणाली, "झालं ना सगळं नीट? माझ्यामुळे काही बिघडलं नाही ना?" त्यानंतर त्या घरी कुणीही पाहुणा आला, की क्लॅरी आपण होऊन आत जाऊन बसायची. कुणाला सांगावं लागलं नाही.

एनिड दुष्ट होती असं मात्र समजू नका. आईचे पाय ती स्वतः शेकायची. थंडीत तिचा बिछाना आधी गरम करून ठेवायची. पगारातून आईला चांगला लोकरी कोट शिवला होता तिनं. तिला लाज आईची नव्हती, असं ती स्वतःला सांगत असणार. लाज फक्त आईच्या बोलण्याची. पण माणूस आणि माणसाचं बोलणं वेगळं करून एक आत आणि एक बाहेर कसं बसवणार? क्लॅरीच आत जाऊन बसली.

गावातले लोक एनिडला पाठीमागून 'महाराणी' म्हणायचे. समोर 'मिस ग्रीनवुड'. तिला समोरचं तेवढं ऐकू यायचं.

क्लॅरी फेब्रुवारीत गेली. छातीचं दुखणं होतं, महिनाभर अंथरुणावर होती. खालच्या बायका भेटायला यायचं म्हणायच्या, पण टेकडी चढून त्या घराचं दार वाजवायचा धीर एकीलाही झाला नाही. सुतार पेटीचं माप घेऊन गेला, आणि त्याच दिवशी दुपारी एनिड कचेरीत आली. संपादक म्हणाले, "अगं, घरी जा, मजकूर आम्ही लिहितो." ती म्हणाली, "माझ्या आईचा मजकूर दुसरं कुणी लिहिणार नाही." हे ती ज्या आवाजात म्हणाली, त्यावरून कळत होतं, की या एका गोष्टीवर तिनं सगळं लावलंय. इतकी वर्षं गावातल्या प्रत्येक हमालाला नि कोळसेवाल्याला तिनं थाटात निरोप दिला होता. आता आईला असा निरोप द्यायचा, की सबंध गाव उठून आलं पाहिजे. चॅपलमागची मोठी खोली तिनं घेतली. सगळ्या गिरणीला पुरेल एवढं हॅम सांगितलं, बीट, लोणचं, पाव, फ्रूटकेक, चहाचा मोठा बंब. आमच्याकडे हॅमशिवाय पुरलेला माणूस नीट पुरलेला समजत नाहीत.

मजकूर माझ्याकडे जुळवायला आला. अजून तोंडपाठ आहे. 'दीर्घ व्याधी असामान्य धैर्याने सहन करून श्रीमती क्लॅरिसा ग्रीनवुड यांनी शांतपणे इहलोकीची यात्रा संपविली. वस्त्रोद्योगाशी त्यांचा प्रदीर्घ संबंध होता. अंत्यविधी बुधवारी मध्यान्ही, चॅपल येथे. तदनंतर अल्पोपाहार. सर्व स्नेह्यांची उपस्थिती प्रार्थनीय आहे.'

मी कागद घेऊन बाहेर आलो. "एनिड," म्हटलं, "शेवटी ते गावात म्हणतात तसं घालत नाहीस? 'मागाहून चहाला सगळ्यांनी यायचं' ते?"

"घातलं आहे की. अल्पोपाहार, सर्व स्नेही."

"आणि नाव क्लॅरी का नाही?"

"तिचं नाव क्लॅरिसा होतं, वॉल्टर."

होतं खरं. मी मुकाट्यानं जुळवलं. इतरांच्या घरी असला मजकूर छापून आला तरी बिघडायचं नाही, कारण घरचं कुणीतरी शेजारच्या भिंतीवरून ओरडून सांगायचंच, बुधवारी या गं, हॅम आहे. छापलेलं फक्त मिरवायला. एनिडच्या घरी ओरडून सांगणारी एकच बाई होती आणि ती पेटीत होती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही.

बुधवारी मी चॅपलमध्ये पोचलो तेव्हा पुढच्या बाकावर एनिड एकटी होती. मागे संपादक आणि त्यांची बायको, आमचे कचेरीतले तिघे, डॉक्टर, आणि टेकडीवरचं एक शेजारी जोडपं, ज्यांनी क्लॅरीला आयुष्यात चारदा पाहिलं असेल. बाकी बाकं रिकामी. पाद्रीबाबा घड्याळ बघत थांबले. बाहेर पाऊल वाजलं की एनिडची मान किंचित वळायची. कुणी आलं नाही. शेवटी त्यांनी सुरू केलं. भजनाला आवाजच निघेना, इतके कमी लोक. ज्या बाईचं हसणं गिरणीच्या अंगणात ऐकू यायचं, तिच्यासाठी आम्ही आठ-दहा माणसं घशातल्या घशात गात होतो. मला लाज वाटली, आणि मी काही तिचा मुलगा नव्हतो.

पेटी दफनभूमीकडे निघाली. वाट होल्मच्या गिरणीवरून जाते. वळण घेतलं आणि मी पाहिलं. गिरणीच्या भिंतीला लागून दुरुस्तीच्या खोलीतल्या सगळ्या बायका ओळीनं उभ्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत आल्या होत्या, अंगावर कामाचे एप्रन, बाहीला सुया टोचलेल्या, केसांना फडकी. काम सोडून घरी बसलेल्या जुन्या म्हाताऱ्याही होत्या. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी यावं. गाडी जवळ आली तशा सगळ्यांनी माना खाली घातल्या. कुणी पुढे आलं नाही, कुणी मागून चाललं नाही. गाडी गेल्यावर त्या वळून आत कामावर गेल्या.

एनिड गाडीत माझ्या शेजारी बसली होती. तिनं सगळं पाहिलं. "त्या आत का नाही आल्या?" तिनं विचारलं. मग पुन्हा, "वॉल्टर, त्या आत का नाही आल्या?"

मागच्या खोलीत टेबलं मांडली होती. वर पांढरी कापडं, हॅमच्या चकत्यांच्या राशी, बंब फुसफुसत होता. चॅपलच्या दोन बायका वाढायला उभ्या होत्या आणि वाढायला कुणी नव्हतं. आम्ही टेबलाच्या एका टोकाला गोळा झालो आणि हळू आवाजात हवेबद्दल बोललो. डॉक्टरांना रोग्याकडून बोलावणं आलं. संपादकांना गाडी पकडायची होती. एनिड प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला गेली आणि प्रत्येकाला म्हणाली, "आपण आलात, मी ऋणी आहे." शेवटी मी आणि ती आणि हॅम. तिची मान, कान, सगळं तापल्यासारखं लाल झालं होतं. "सगळ्या गावाला कळलं असेल," ती म्हणाली, "की माझ्या आईला कुणी नव्हतं."

मी जरा फटकळ माणूस आहे. "आईला सगळे होते," मी म्हणालो. "भिंतीपाशी उभे होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला घरून बोलावून घेतलं. उरलेलं सगळं हॅम पावात घालून तिनं तबकं भरली होती, वर ओली फडकी. "गिरणीत न्यायचं आहे," ती म्हणाली. तिला एकटीला जायचं धाडस होत नव्हतं, ते काही ती बोलली नाही. एक तबक तिनं घेतलं, दोन मी.

दुरुस्तीच्या खोलीचं दार मी खांद्यानं ढकललं. आत बोलण्याचा गलका होता तो आम्हांला बघताच तुटला. सगळ्या उठून उभ्या राहिल्या. मुकादमीण बर्था सगडन पुढे आली. क्लॅरीच्या शेजारच्या टेबलावर ती जन्मभर बसलेली. तिनं हात एप्रनला पुसले, घसा साफ केला आणि म्हणाली, "मिस ग्रीनवुड. आपल्या मातोश्रींच्या दुःखद निधनाबद्दल आम्ही सर्वजणी आपणांस, आपणांस..." आणि अडकली. मागून तरुण मेव्हिस कुजबुजली, "सांत्वन." "सांत्वन व्यक्त करतो," बर्थानं पुरं केलं. तिच्या कपाळाला घाम आला होता.

बर्था सगडनला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. या बाईनं एकदा गिरणीमालकाला अंगणात उभं करून असा झाडला होता की तो आठवडाभर त्या बाजूला फिरकला नाही. ती आज वर्गात पाठ म्हणून दाखवणाऱ्या पोरीसारखी उभी होती, आणि एनिडसमोर चुकलो तर, या भीतीनं बाकीच्या बायका जमिनीकडे बघत होत्या. एनिडनं ते पाहिलं. मला वाटतं, आईचा तो स्टुलावरचा चेहरा तिला या पंधरा जणींच्या चेहऱ्यांवर दिसला असणार. मी तिच्या हातातलं तबक घेऊन टेबलावर ठेवलं.

"तुम्ही काल बाहेर उभ्या होतात," ती म्हणाली.

"हो, मिस ग्रीनवुड."

"आत का नाही आलात? मी छापलं होतं. सर्वांना बोलावलं होतं."

बर्थानं इकडेतिकडे पाहिलं. कुणी मदतीला येईना. मग तिनं तो उसना आवाज टाकून दिला. "वाचलं ना आम्ही. मेव्हिसनं सगळ्यांना वाचून दाखवलं. अर्थ कळला, आम्ही काही अडाणी नाही. पण पोरी, तसलं बोलावणं आल्यावर माणसानं यायचं तरी कुठल्या कपड्यांत? आम्हांला सुट्टी अर्ध्या तासाची. आलो असतो ती अशीच, एप्रनवर. आणि आत तुझी ती मोठी मोठी माणसं बसलेली असणार. त्यांच्यासमोर आमच्या तोंडून काहीबाही निघून गेलं असतं. क्लॅरीच्या दिवशी तुला खाली मान घालायला लावायची? त्यापेक्षा म्हटलं बाहेर बरं."

"आत बरीच जागा होती," एनिड म्हणाली.

"ऐकलं आम्ही," बर्था म्हणाली. "मग लई वाईट वाटलं."

एनिड बोलायचा प्रयत्न करत होती. तिच्यापाशी शब्दांचा काय तोटा. खेद, दिलगिरी, अवहेलना, उपेक्षा, सगळे इस्त्री करून ठेवलेले. त्यांतला एकही तिला पुरेना. शेवटी 'लुक डाऊन ऑन' हे तिच्या तोंडून बाहेर पडलं. मोरीतले तीन तुकडे. "मी तुम्हांला कमी लेखत आले," ती म्हणाली, "तुम्हांला सगळ्यांना. तिलाही. घरात, तिच्या तोंडावर. ती पाहुण्यांसमोर येईनाशी झाली आणि मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं मला."

हे तिनं पंधरा बायकांसमोर, दिवसाउजेडी, उभ्यानं सांगितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. काही गोष्टी माणसानं दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बघू नयेत.

"बस खाली," बर्था म्हणाली. तिनं स्टूल पायानं पुढे सरकवलं. मेव्हिसनं चहा आणला. पाव वाटला गेला. तोंडं भरल्यावर खोली जरा सैलावली, आणि मग एकजण म्हणाली, की आमचंही एक छापून यावं असं वाटत होतं, क्लॅरीसाठी, खोलीतर्फे. पण काउंटरवर यायचं कसं नि सांगायचं कसं. "तू नीट करून देशील ना?" बर्थानं विचारलं. "तुझी आईच म्हणायची, काही लिहायचं असलं तर आमच्या एनिडकडे न्या, ती नीट करते. फार मोठं वाटायचं तिला तुझं."

एनिडनं पर्समधून कागद-पेन्सिल काढली. "सांगा," ती म्हणाली. "म्हणाल तसंच लिहिते. काही नीट करणार नाही."

मग एकेक बोलायला लागल्या, आधी दबकत, मग एकमेकींना तोडत. क्लॅरीचं सगळ्यांशी जमायचं. हो, घाल, सगळ्यांशी जमायचं, मागांवरच्या त्या मुकादमाशीसुद्धा. दुखलं खुपलं चालवून घ्यायची, बोलून दाखवायची नाही. नव्या पोरींना सांभाळून घ्यायची, त्यांचं बिघडलेलं कापड आपल्या टेबलावर ओढायची. तिच्याशिवाय कसं रेटायचं ते आम्हांला कळत नाहीये. एनिडची पेन्सिल चालत होती. शेपटीवालं एकेक क्रियापद, दोन-दोन शेपट्यांसकट, ती कागदावर उतरवत होती. चुकत नव्हती. मोरीतून बाहेर काढलेली भाषा तिच्या हाताला आठवत होती.

"आणि तिच्या पोरीबद्दल कुणी वावगं बोललेलं तिला खपायचं नाही," मेव्हिस घासाबरोबर बोलून गेली. "कायम स्टिक अप फॉर, पोरीच्या बाजूनं उभी. एकदा तर माझ्यावर कात्री घेऊन..."

बर्थानं तिला कोपर मारलं. मेव्हिसनं घास गिळला.

एनिडची पेन्सिल थांबली. "वावगं कोण बोलायचं?"

एकीनं कापडावरची गाठ उगीचच चाचपायला घेतली.

"कोण बोलायचं, मिसेस सगडन?"

बर्था खोटं बोलणारी बाई नव्हे. "सगळ्याच," ती म्हणाली. "रोज कुणी ना कुणी. मीपण. ती एकटी तुझ्या बाजूनं असायची. आम्ही बारा-पंधरा आणि ती एकटी. म्हणायची, आमची एनिड आतून तशी नाही. कुणाला पटायचं नाही. पण तिनं कधी सोडलं नाही."

एनिडनं खाली मान घातली. कानांच्या पाळ्यांपासून गळ्यापर्यंत ती पेटली होती. मला वाटलं, आता उठेल आणि जाईल. तिनं पेन्सिल उचलली आणि लिहायला लागली. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेली. "तिच्या मुलीबद्दल गाव वाईट बोलायचं. ती एकटी मुलीची बाजू घ्यायची."

"ते नको गं," बर्था घाईघाईनं म्हणाली. "ते छापायचं असतं का? लोक वाचतील. काउंटरवर येतील, तुझ्या तोंडाकडे बघतील. काय काय बोलतील."

"बोलतीलच," एनिड म्हणाली. "इतकी वर्षं ते तिनं ऐकून घेतलं. आता मी ऐकून घेते."

मग तिनं पुढची ओळ मोकळी सोडली आणि म्हणाली, "हं, मेव्हिस. ते कात्रीचं काय होतं, सांग."